टॉफी कडक की चिकट?

प्रश्न असा आहे: मेव्हण्यांनी अमेरिकेहून ‘हीथ’ नावाचं चॉकलेट आणलं. वेष्टनावर ‘इंग्लिश टॉफी’ असं लिहिलंय, पण आत चिक्कीसारखा कडक थर निघाला. टॉफी तर दाताला चिकटते. मग हा शब्द चुकीचा वापरलाय का?

चुकीचा नाही. गोंधळ आहे तो पाकाचा, आणि पाकाच्या बाबतीत आपली मराठी चांगलीच मुरलेली आहे. एकतारी, दोनतारी, गोळीबंद आणि त्यापुढे चिक्कीचा कडक पाक, ज्याचा थेंब गार पाण्यात टाकला की कट्कन मोडतो. साखर-दुधाचं मिश्रण गोळीबंद पाकाच्या आसपास, साधारण १२० अंश सेल्सिअसला उतरवलं तर मऊ, चिवट कॅरॅमल होतं. साखर आणि लोणी १५० अंशांपर्यंत नेलं तर पाणी जवळजवळ उडून जातं आणि कुरकुरीत टॉफी तयार होते. ब्रिटनमध्ये टॉफी कडकही असते आणि चिवटही. कडक, बदाम घातलेल्या प्रकाराला ‘इंग्लिश टॉफी’ म्हणायची रीत मात्र अमेरिकेची. (इंग्रज स्वतः कशाला म्हणतील? आपण कुठे ‘मराठी पुरणपोळी’ म्हणतो!) मला विचाराल तर ‘लोण्याची चिक्की’ हे नाव त्याला शोभून दिसेल.

इंग्रजीत ‘टॉफी’ हे रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिसू लागतं. ते ‘टॅफी’चं भावंड. ‘टाफिया’ या रमच्या नावाशीही त्याचा संबंध जोडतात, पण उच्चारातल्या साम्यापलीकडे मला त्यात फारसं काही दिसत नाही.

तुमच्या हातातल्या चॉकलेटची कथा मात्र स्पष्ट आहे. इलिनॉय राज्यातल्या रॉबिन्सन या छोट्या गावात एल. एस. हीथ नावाचे शाळामास्तर होते. १९१४ साली त्यांच्या बेयर्ड आणि एव्हरेट या मुलांनी तिथे मिठाईचं दुकान थाटलं आणि १९२८ च्या सुमारास ही टॉफी बाजारात आली. पुढे घरची डेअरीही झाली, तेव्हा दूधवाल्याकडे दूध-लोण्याबरोबर हीथही मागवता येई. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या शिध्यात ती गेली. १९८९ मध्ये कुटुंबाने धंदा विकला, १९९६ मध्ये तो हर्शीकडे आला. गंमत म्हणजे हर्शीने १९८१ मध्येच ‘स्कोर’ नावाची अशीच टॉफी प्रतिस्पर्धी म्हणून काढली होती. आता दोन्ही एकाच घरात नांदतात.

शब्दवेड्यांसाठी एक किस्सा: जुन्या वेष्टनावर हीथमधले पहिलं आणि शेवटचं ‘एच’ ही अक्षरं मोठी आणि मधली तीन बारीक असत. त्या तिघांचं ‘ईट’ होतं. त्यामुळे कित्येकांना वाटे, ‘एच अँड एच’ नावाची कंपनी ‘ईट’ नावाची वडी विकते!

मराठीत ‘टॉफी’ हा शब्द हिंदीइतका रुळला नाही. आपल्याकडे ‘गोळी’ तरी, नाहीतर सरसकट ‘चॉकलेट’. वाढदिवसाला वर्गात वाटली जाणारी चॉकलेटं पाहा, त्यातल्या निम्म्यांत कोकोचा कणही नसतो. रावळगावच्या गोळ्यांनाही आम्ही बिनदिक्कत चॉकलेटच म्हणायचो. आणि ‘टॉफी’ म्हटलं की आठवतात त्या पारल्याच्या किस्मी, मेलडी, सगळ्या दाताला चिकटणाऱ्या. मेलडी तर हीथच्या अगदी उलटी: कॅरॅमल बाहेर आणि चॉकलेट आत.