सायकलचोरीची पोलीस फक्त एनसी घेत आहेत. एफआयआर होऊ शकते का?

तुमचे वडील पेपर टाकण्यासाठी वापरत असलेली जुनी सायकल राहत्या इमारतीच्या जिन्याखालून चोरीला गेली आणि ‘पाच हजारांच्या आतली वस्तू आहे, एनसीच (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) होईल’ असे सांगून पोलीस ठाण्यातून तुम्हाला परत पाठवण्यात आले, असे तुम्ही लिहिले आहे. फौजदारी न्यायालयात वकिली करताना हे उत्तर मी वरचेवर ऐकतो. ते निराधार नाही; पण तुमच्या बाबतीत ते पुरते लागू होत नाही, असे माझे मत आहे.

१ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खालील चोरी, वस्तू कितीही स्वस्त असली तरी, दखलपात्र गुन्हा होती, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट न पाहता पोलीस तिचा तपास करू शकत. त्या दिवसापासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये मात्र अशी तरतूद आहे की, चोरीची वस्तू ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा व्हावी. ही शिक्षा मला योग्य वाटते. परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) पहिल्या अनुसूचीत अशी चोरी अदखलपात्र ठरवली गेली, आणि अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही. तपासच झाला नाही तर चोर सापडणार कसा आणि सायकल परत करणार कोण? वापरलेली साधी सायकल जवळजवळ नेहमीच या मर्यादेच्या आत येते, आणि त्या सायकलवर कोणाची रोजची कमाई अवलंबून आहे याचा हिशेब कायदा कुठेच करत नाही. हा मला गरीब सायकलस्वारांवरील उघड अन्याय वाटतो.

आता तुमच्या हातातील सर्वात महत्त्वाचा मुद्दा. माणसांच्या राहत्या इमारतीतून झालेली चोरी न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये स्वतंत्रपणे येते. तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ती दखलपात्र आहे आणि तिच्यासाठी किमतीची अट नाही. जिना हा इमारतीचाच भाग आहे, हे अर्जात स्पष्ट लिहा आणि कलमाचा उल्लेख करा. सायकल फाटकाबाहेर रस्त्यावर उभी असती, तर हा आधार मिळाला नसता.

अर्जासोबत खरेदीची पावती असल्यास तिची प्रत, सायकलचा फोटो आणि फ्रेम नंबर द्या. पूर्वी नगरपालिका सायकलवर कर घेत आणि त्याचा पत्र्याचा बिल्ला मिळत असे. आज अशी कोणतीच नोंदणी नसल्यामुळे सायकलची खात्रीची ओळख म्हणजे हा नंबर. तो बहुधा पेडलची धुरी बसते त्या नळीच्या खालच्या बाजूला ठोकलेला असतो आणि पुष्कळदा पावतीवरही लिहिलेला असतो. किंमत मात्र फुगवून लिहू नका, कारण खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तुमची खरी बाजू त्यामुळे लंगडी पडेल.

तरीही ठाण्यात नकार मिळाला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस उपायुक्तांकडे, तोच अर्ज टपालाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. तेथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. दरम्यान एनसी नोंदवली असल्यास तिची प्रत घ्या. ती वाया जात नाही, कारण तिच्याच आधारे कलम १७४(२) खाली तपासाचा आदेश मागता येतो.

एक गोष्ट लोक विसरतात. चोरीच्या सायकली पोलीस जप्त करतात, मालक पुढे येत नाही आणि मुद्देमाल म्हणून त्या ठाण्याच्या आवारात गंजतात. दंडाधिकाऱ्यांनी जाहीरनामा काढल्यावर सहा महिन्यांत कोणी हक्क सांगितला नाही, तर सरकार त्यांची विल्हेवाट लावू शकते. म्हणून आजूबाजूच्या ठाण्यांतही फ्रेम नंबर देऊन चौकशी करा, आणि सायकल सापडल्यास खटला संपण्याची वाट न पाहता तिचा ताबा मिळावा म्हणून न्यायालयात लगेच अर्ज करा.