खुर्च्या लावण्यापलीकडे

इंदूर

ख्रिस्तात प्रिय,

सलाम. पास्टोरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीत, तुझी निवड झाली आणि तरुण संघाचं कामही तुझ्याकडे आलं, याचा मनापासून आनंद झाला. पहिल्याच बैठकीत तुला विचारतील, ‘मुलं चर्चला का येत नाहीत?’ उत्तराची घाई करू नकोस. नाताळात येतात की! कॅरोलची फेरी, नाटिका, चांदण्या टांगणं, पंगतीत वाढणं, सगळं तीच करतात. जानेवारीत दिसेनाशी होतात, कारण त्यांच्या वाट्याचं काम संपलेलं असतं. राबायचं तरुणांनी आणि ठरवायचं वडीलधाऱ्यांनी, अशी वाटणी असली की गिटार आणा, प्रोजेक्टर आणा, वर्षभरात बाकं पुन्हा रिकामी होतात.

म्हणून आधी पाळकसाहेबांना (पास्टरांना) भेट आणि तीन गोष्टी माग: कमिटीत तरुणांना मतासह जागा, वर्षाच्या अंदाजपत्रकात ठरावीक रक्कम, आणि दर तीन महिन्यांनी तरुणांनी चालवायची एक उपासना. रक्कम 5,000 असो की 20,000, तेवढ्यात खर्च करताना दर वेळी परवानगी मागावी लागू नये. सह्या दोन हव्यात, एक खजिनदारांची आणि एक संघातल्या सज्ञान सभासदाची. कार्यक्रमानंतर 15 दिवसांत पावत्यांसह हिशेब कमिटीपुढे. इथे ढिलाई झाली तर पुढच्या वर्षी पैसे मिळणार नाहीत, आणि दोष सगळ्या तरुणांवर येईल.

सोपवलेलं काम ऐनवेळी काढून घेणं ही सगळ्यात मोठी चूक. आदल्या रात्री गीतं बदलतात, शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचं वाचन, चालू असताना उच्चार सुधारतात. भर मंडळीत टोकलेलं मूल पुन्हा पुढे यायला धजत नाही. चूक सांगायचीच, पण उपासनेनंतर, एकट्याला, त्याच आठवड्यात. हे पाळकसाहेबांकडून आधीच कबूल करून घे.

सुरुवात उत्तम शुक्रवारापासून (गुड फ्रायडे) कर. दुपारी 12 ते 3 येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन असतं. गीत आणि प्रार्थना धरून प्रत्येक उद्गाराला साधारण 25 मिनिटं. बोलणारे बहुधा ज्येष्ठ किंवा पाहुणे असतात. त्यातला पाचवा, तहानेचा उद्गार एका तरुणासाठी माग आणि चार आठवडे आधी तयारीला लाग. पहिल्या आठवड्यात पाळकसाहेबांसोबत योहानाचा 19वा अध्याय वाचायचा, दुसऱ्यात लेखी मसुदा, तिसऱ्यात रिकाम्या चर्चमध्ये माईकवर उभं राहून बोलायचं, चौथ्यात काटछाट करून दहा मिनिटांत बसवायचं. यूट्यूबवरचा उपदेश उचलला असेल तर तो मसुद्यातच कळतो. या तयारीला पाळकसाहेबांनी स्वतः बसावं. ते काम दुसऱ्यावर ढकललं की आपली किंमत काय ते मुलं लगेच ओळखतात.

आता हजेरी. भंवरकुआँच्या कोचिंगमधल्या कितीतरी मुलांची टेस्ट रविवारी सकाळीच असते. त्यांना व्यासपीठावरून ‘देवासाठी वेळ नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे. संध्याकाळी तासाभराची प्रार्थनासभा ठेवून पाहा. एक वही कर: नाव, वस्ती, शिक्षण किंवा नोकरी, कोणत्या वारी मोकळीक, काय येतं. बायबलमध्ये इथ्रोने आपल्या जावयाला, मोशेला, दहा-दहांवर माणसं नेमायला सांगितलं होतं; तू मंडळीच्या प्रत्येक वडिलाकडे (एल्डरकडे) पाच-सहाच नावं दे. सलग तीन रविवार कोणी दिसलं नाही तर त्या वडिलांनी फोन करायचा. ग्रुपवरच्या मेसेजने हे होत नाही.

खंडवा, झाबुआ, जळगावकडून नर्सिंगला, इंजिनिअरिंगला आलेली मुलं इथे तीन-चार वर्षंच असतात. गावच्या चर्चमधून आणायचं सभासदत्वाचं पत्र मतदानाला लागेल, पण गायनाला आणि शास्त्रपाठाला त्याची वाट कशाला पाहायची? घरी मराठी आणि उपासनेत हिंदी अशी आपल्या बऱ्याच मुलांची स्थिती आहे. महिन्यातून एक रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन पेटी-तबल्यावर होऊ दे. आजी-आजोबांनी चाल सांगायची, मुलांनी बसवायची.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. अठरा वर्षांखालील मुलांसोबत प्रत्येक वेळी किमान दोन मोठी माणसं हवीत, शिबिराला पालकांची लेखी संमती हवी. लैंगिक त्रासाची गोष्ट कानावर आली तर पोक्सो कायदा, 2012च्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘मंडळीतच मिटवू’ असं कोणीही म्हटलं, अगदी पाळकसाहेबांनीही, तरी ऐकायचं नाही.

पाळकसाहेबांची बदली होते आणि तोंडी कबूल केलेलं त्यांच्याबरोबर निघून जातं. तेव्हा जागा, रक्कम आणि उपासना हे तिन्ही ठरावाच्या रूपात कार्यवृत्तात लिहून घे. मसुदा बैठकीच्या आठवडाभर आधी मला पाठव, म्हणजे शब्द तपासून देईन.

तुझ्यासाठी प्रार्थनेत,
तुझा काका