सैन्याच्या संदेशांची सुरक्षा : आधी गणित, मग हॅकिंग

महोदय,
सप्रेम नमस्कार.

वायुसेनानगराजवळ राहणारी आपली कन्या बारावी विज्ञान शाखेत आहे आणि सैन्याच्या संदेशवहनाच्या सुरक्षेतच काम करायचे, असे तिने ठरवले आहे. त्यासाठी ऐंशी हजार रुपये भरून सहा महिन्यांचा एथिकल हॅकिंगचा (परवानगीने संगणक यंत्रणेतल्या त्रुटी शोधण्याचा) क्लास लावावा, की अभियांत्रिकीला सायबर सिक्युरिटीचीच शाखा घ्यावी, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की क्लास लावू नये, शाखेच्या नावावर अडून बसू नये आणि गणित मात्र सोडू नये.

अशा क्लासमध्ये बहुतेक वेळा तयार साधने चालवायला शिकवतात. लष्कराच्या संदेशवहनाच्या जाळ्यांचा प्रश्न निराळा असतो. एईएस ही जगभर वापरली जाणारी एन्क्रिप्शनची, म्हणजे संदेश सांकेतिक करण्याची, पद्धत अमेरिकेने २००१ मध्ये मानक म्हणून स्वीकारली आणि तिचा सगळा तपशील कोणालाही वाचायला खुला आहे. गुपित पद्धतीत नसून किल्लीत, म्हणजे संदेश बंद-उघड करणाऱ्या गुप्त आकड्यात, असावे, हे तत्त्व सांकेतिक लेखनाचे अभ्यासक केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते. त्यामुळे खरा कस लागतो तो किल्ल्या तयार करण्यात, त्या डोंगरावरच्या चौकीपर्यंत सुखरूप पोचवण्यात, वेळेवर बदलण्यात आणि एखादा रेडिओ सेट शत्रूच्या हाती पडलाच तर त्यातली किल्ली ताबडतोब निकामी करण्यात.

मुलीला हे कागदावर करून पाहू द्या. ४ हा अंक पाठवायचा आहे आणि किल्ली ८ आहे. बेरीज करून हातचा सोडून दिला की २ उरतात. दुसऱ्या दिवशी त्याच किल्लीने ७ पाठवला तर ५ येतात. शत्रूला किल्ली ठाऊक नाही, पण ५ मधून २ वजा केले की त्याला ३ मिळतात, आणि ७ व ४ यांतला फरकही ३च आहे. म्हणजे वजाबाकीत किल्ली परस्पर गळून पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत यंत्रणेने एकदाच वापरायच्या किल्ल्यांची काही पाने दुबार वापरली आणि तेवढ्या चुकीवरून अमेरिकी विश्लेषकांनी त्यांचे अनेक संदेश उलगडले. संदेश अजिबात वाचता आला नाही, तरी कोणते केंद्र किती वेळा बोलते आणि लहरी कोणत्या दिशेने येतात, यावरून तुकड्यांच्या हालचालींचा अंदाज बांधता येतो; अनेक लष्करी रेडिओ सतत वारंवारता बदलत राहतात, त्याचे एक कारण हेही आहे.

म्हणून, सगळे कॉम्प्युटरमागे धावत असताना हे ऐकायला विचित्र वाटेल, पण मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला झुकते माप देईन. व्हीएनआयटी आणि ट्रिपल आयटी नागपूर येथे जेईई मेनवरून प्रवेश मिळतो. तिला गणितच मनापासून आवडत असेल, तर बी.एस्सी. आणि एम.एस्सी. करण्यात काहीही कमीपणा नाही. दोन्ही वाटांनी पुढे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधील क्रिप्टॉलॉजीच्या (सांकेतिक संदेशांच्या शास्त्राच्या) एम.टेक.कडे जाता येते, तसेच गेट ही पदवीनंतरची राष्ट्रीय परीक्षा देऊन डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या भरतीकडेही वळता येते. दिल्लीतील सायंटिफिक अॅनालिसिस ग्रुप आणि बंगळुरूची केअर (सेंटर फॉर आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड रोबोटिक्स) या डीआरडीओच्या प्रयोगशाळा तिच्या आवडीच्या विषयाला सर्वांत जवळच्या आहेत. गणवेशच हवा असेल, तर मुलींना २०२२ पासून एनडीएतही प्रवेश मिळू लागला आहे आणि अभियांत्रिकीनंतर शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी अधिकारी होण्याचा, मार्ग आहेच. मात्र कोअर ऑफ सिग्नल्स ही सैन्याची संदेशवहन शाखाच मिळेल, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

गणितावर माझा एवढा भर असण्याला आणखी एक कारण आहे. आजच्या बऱ्याच किल्ल्यांची देवाणघेवाण ज्या गणितावर उभी आहे, ते पुरेसा मोठा क्वांटम संगणक मोडू शकेल, हे गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवले. त्याला तोंड देणारी पहिली तीन मानके अमेरिकेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केली. जुनी यंत्रणा बदलण्याचे हे काम आपली कन्या नोकरीला लागेल तेव्हाही चालू असेल, आणि त्यात रेषीय बीजगणित रोज लागते.

दोन गोष्टी तिच्याशी आत्ताच बोलून घ्याव्यात. शेजाऱ्यांच्या वायफायवर गंमत म्हणूनही प्रयोग करू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो आणि सरकारी नोकरीआधी पोलीस पडताळणी होते. दुसरे म्हणजे, दिवसभर काय केले हे या नोकरीत घरी सांगता येत नाही, केलेले उत्तम काम अनेकदा कुठे छापूनही येत नाही. हे तिला चालेल का, ते तिला एकटीला बसवून विचारा आणि उत्तरासाठी घाई करू नका.

आपला,
करिअर मार्गदर्शक, नागपूर