सोमवारीच आठ तासिका लावू नका

ताई, सातवीच्या लेकीला घरी शिकवताय, तर पहिल्याच सोमवारी आठ तासिका लावू नका. मी लावल्या होत्या. बुधवारपर्यंत आम्ही मायलेक एकमेकांशी बोलत नव्हतो. सकाळी दीड-दोन तास गणित आणि भाषा, बास. अपूर्णांक अडले तर पोळी कापा. सहा अष्टमांश म्हणजेच तीन चतुर्थांश, हे माझ्या लेकाला तव्याशेजारीच कळलं.

गुरुवार बाहेरचा. पुण्यातल्या पाताळेश्वर लेण्यात वही घेऊन जा, तिथल्या गोल नंदीमंडपाचा परीघ पावलांनी मोजू दे, व्यास तिचा तिला काढू दे. (ऊन चढायच्या आत.) शुक्रवारी काहीच झालं नाही तरी चालेल. परीक्षेची घाई नको. एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त शाळेच्या) दहावीला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात. सासूबाईंना मात्र वही रोज दाखवत जा.