वाचकांचे प्रश्न : गोमेकॉचं वय आणि वॉर्डातले हात

प्रश्न (फोंडा) : गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) हे आशियातलं सर्वांत जुनं मेडिकल कॉलेज, हे खरं का?

उत्तर : तसं छातीठोकपणे सांगू नये. गोमेकॉचं मूळ असलेली ‘एस्कोला मेडिको-सिरुर्जिका’ ही वैद्यकशाळा पणजीत १८४२ मध्ये सुरू झाली. कोलकाता आणि मद्रासची कॉलेजं १८३५ची. मुंबईचं ग्रँट मात्र १८४५चं, म्हणजे आपल्यानंतरचं. गोव्यात पणजीच्या शाळेआधीही वैद्यक शिकवलं जात होतं, आणि ते धरूनच हा दावा केला जातो. पण अभिमान बाळगायला पहिला नंबर कशाला हवा? इथे शिकलेले कितीतरी डॉक्टर पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत जाऊन काम करत होते.

प्रश्न (म्हापसा, नर्सिंगची विद्यार्थिनी) : हात धुण्याचं महत्त्व शिकवताना व्हिएन्नाच्या हॉस्पिटलाचं नाव घेतात. तिथे नेमकं काय झालं? आणि वॉर्डात हँडरब असताना साबण का लागतो?

उत्तर : व्हिएन्नाच्या त्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टरकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी शिकत. १८४६ साली पहिल्यात ११.४ टक्के बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात २.८. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीला तपासायला येत. सुईणी शवविच्छेदन करत नसत. साबणाने धुऊनही हातांचा प्रेताचा वास जात नाही, हे तिथले डॉक्टर इग्नाझ झेमेलवाइस यांच्या लक्षात आलं. मे १८४७पासून त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. १८४८मध्ये दोन्ही विभागांतलं प्रमाण सुमारे १.३ टक्क्यांवर आलं. जंतूंमुळे रोग होतात हा सिद्धांत तेव्हा सिद्ध झालेला नव्हता. एकाच इमारतीत दोन विभाग आणि दोन्हींच्या मृत्यूंची नीट नोंद होती, म्हणून हे उघडकीस आलं. आम्हाला यातली नोंदवही फार मोलाची वाटते.

आता तुमचा वॉर्ड. हँडरब (हातांना चोळायचं अल्कोहोलचं द्रव) तळहात भरेल इतका, साधारण ३ मिली घ्या आणि तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या फटी, अंगठे, नखांची टोकं असं २० ते ३० सेकंद, हात आपोआप सुकेपर्यंत चोळा. घाईत हमखास सुटतात ते अंगठे आणि बोटांची टोकं, आणि पेशंटला आधी तीच लागतात. हात ओले असले की अल्कोहोल पातळ होऊन त्याचा जोर कमी होतो. अंगठी, बांगड्या काढून ठेवा. त्यांच्याखाली द्रव नीट पोचत नाही.

हाताला रक्त, विष्ठा किंवा दिसेल अशी घाण लागली असेल तर साबण आणि वाहतं पाणीच हवं, सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या एका जुलाबाच्या जंतूचे (क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल) बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, अल्कोहोलने मरत नाहीत. साबणाने चोळल्यावर ते पाण्याबरोबर वाहून जातात. अशा पेशंटजवळ ग्लोव्हज घाला, आणि ते काढल्यावरही हात साबणानेच धुवा.