कचऱ्याच्या डब्यात झाकण लावूनही परत परत अळ्या होतात, उकळतं पाणी टाकलं तरी. काय करावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, एक म्हणजे उकळतं पाणी ओतूनही अळ्या परत परत कशा, आणि दुसरं, झाकण घट्ट असताना मुळात आत शिरतातच कशा. दुसऱ्यापासून सुरू करतो, ते कळलं की पहिल्याचं अर्धं उत्तर आपोआप मिळतं.

अळ्या कचऱ्यातून आपोआप होत नाहीत, माशी अंडी घालते म्हणून होतात. हे आज सगळ्यांना माहीत आहे पण पूर्वी लोकांना खरंच वाटायचं की सडलेल्या मांसातूनच जीव तयार होतो. १६६८ मध्ये फ्रान्सेस्को रेदी या इटालियन वैद्याने मांस भरलेल्या बरण्या घेतल्या, काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर जाळीदार कापड बांधलं. उघड्या बरण्यांतल्या मांसात अळ्या पडल्या, कापडवाल्या बरण्यांच्या आत नाही, माश्या आपल्या वरच्या कापडावरच घुटमळत राहिल्या. तुमच्या डब्यावरही तेच चालू असतं. वास बाहेर येतोय एवढं माशीला पुरतं, ती झाकणाच्या कडेला फटीत अंडी घालते आणि अंड्यातून निघालेली अळी इतकी बारीक असते की आपल्याला घट्ट वाटणाऱ्या झाकणातून सहज आत जाते. आणि बऱ्याचदा तर अंडी डब्यात येण्याआधीच घातलेली असतात, म्हणजे ओट्यावर तासभर पडलेली सालं, उघडं राहिलेलं ताट, कुत्र्या-मांजराच्या वाडग्यातलं उरलेलं खाणं. ते आपण उचलून डब्यात टाकतो, वर झाकण लावतो, आत ऊब, ओल, खायला भरपूर. अजून काय पाहिजे त्यांना.

आता वेळेचं गणित बघा, माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. घरमाशी एका वेळेला शंभरेक अंडी घालते, उन्हाळ्यात ती दिवसभरातच फुटतात, मग अळी साधारण चार ते सात दिवस खात सुटते, नंतर कोष करते आणि अजून काही दिवसांत त्यातून माशी बाहेर. म्हणजे आठवड्यातून एकदा डबा रिकामा करत असाल तर तुम्ही त्यांना मोठं व्हायला पूर्ण वेळ देताय.

आणि हे कोषच सगळ्यांच्या नजरेतून सुटतात. डबा एकदा उलटा करून कडेच्या खालची खाच, झाकणाचं बिजागर, चाकं असतील तर चाकांच्या आतली बाजू बघा. तांबूस-तपकिरी, गव्हाच्या दाण्याएवढं टणक काहीतरी चिकटलेलं दिसेल, लोक कचऱ्याचा कण समजून सोडून देतात. उकळतं पाणी आपण मधोमध ओततो, तळातल्या अळ्या मरतात, पण वरच्या खाचेतले कोष आणि अंडी तशीच राहतात. शिवाय पूर्ण वाढलेली अळी ओल सोडून कोरडी अंधारी जागा शोधत बाहेर पडते, म्हणून तर डब्याबाहेर फरशीवर वळवळताना दिसतात. तेव्हा डब्यामागची भिंत, पायपुसणं, कपाटाखालची फट हेही झाडून घ्या, नाहीतर डबा चकाचक आणि माश्या घरातच.

साफ करताना आधी कचरा दोन पिशव्यांत घट्ट बांधून थेट बाहेर न्या. मग उकळतं पाणी मधोमध नाही, वरच्या कडेपासून भिंतीवरून फिरवत सोडा, सोबत भांड्याचा साबण असू दे. नुसत्या गार पाण्यात अळ्या बराच वेळ तग धरतात. डबा पातळ प्लास्टिकचा असेल तर पाणी उकळल्यावर दोन मिनिटं थांबून ओता नाहीतर वाकडा होईल आणि मग झाकण कधीच बसणार नाही. जुन्या टूथब्रशने खाचा घासा, हातमोजे घाला. शेवटी डबा उन्हात पालथा ठेवून खडखडीत वाळवा, ही पायरी लोक हमखास गाळतात, ओल्या डब्यात नवीन पिशवी घालतात आणि मग परत पहिल्यापासून.

ब्लीच वापरायचं तर धुवून झाल्यावर पातळ करून आणि गार पाण्यात. त्यात व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, अमोनियावालं काही अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो, गंमत नाही. तळाला मीठ किंवा चुना टाकतात त्याने ओल शोषली जाते, तेवढाच उपयोग. सुगंधी तेलांवर माझा विश्वास नाही. कीटकनाशक स्प्रेने समोरची माशी मरते, कचऱ्यात खोल बसलेल्या अळ्यांना फारसं काही होत नाही, उगाच स्वयंपाकघरात फवारू नका.

परत होऊ नये म्हणून खरी लढाई ओलीशी आहे. ओला कचरा टाकण्याआधी निथळू द्या, तळाला वर्तमानपत्राचे दोन-तीन थर घाला. पिशवी बारीकशी जरी फाटली तरी पाणी पिशवी आणि डब्याच्या मध्ये साचतं, अळ्या नेमक्या तिथेच असतात आणि आपण पिशवी बदलून मोकळे होतो. मांस-मासळीचे तुकडे, काटे, हाडं कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा आणि कचरा जायच्या दिवशीच डब्यात टाका, ऐकायला विचित्र वाटतं पण याच्याइतका हुकमी उपाय दुसरा नाही. बाळाचे डायपर असतील तर तेही वेगळे बांधा. मोठा डबा असेल तर छोटा घ्या, भरायची वाट बघत बसायला लागत नाही, गरमीत दिवसाआड रिकामा होतो.

एक राहिलं, तुमचा डबा कंपोस्टचा असेल आणि अळ्या पांढऱ्या मऊ नसून चपट्या, करड्या-तपकिरी, जाड सालीच्या असतील तर त्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. त्या कचरा भराभर संपवतात, आणि ती माशी मोठी झाल्यावर आपल्या जेवणावर येऊन बसत नाही. त्यांच्यावर पाणी ओतू नका, राहू द्या. फारच झाल्या तर वरून सुका पालापाचोळा घाला.