युद्ध संपवले, की जिंकले?

प्रश्न असा आहे: ‘युद्ध संपवून त्यांनी मोठा विजय मिळवला’ हे वाक्य बरोबर आहे का? युद्ध संपवणे म्हणजे विजय, असे म्हणता येईल का?

व्याकरणात चूक नाही, अर्थात आहे. ‘विजय’ शब्द आला की ‘कोणावर?’ असे विचारून पाहावे. शत्रूवर, मोगलांवर, पोर्तुगिजांवर असे काही उत्तर मिळाले तर शब्द राहू द्यावा. नाही मिळाले, तर ‘युद्ध संपवण्यात यश आले’ एवढेच लिहावे. दोघांत तह घडवून आणणाऱ्या मध्यस्थाला यश येते, त्याचा कोणावर विजय होत नाही. (‘थकव्यावर विजय’ वगैरे जाहिरातींची भाषा तूर्त बाजूला ठेवू.)

‘युद्धात कमावले, तहात गमावले’ असे आपण एरवी सहज बोलून जातो, त्यात हाच फरक आहे. ऑगस्ट १९६५मध्ये भारतीय सैन्याने काश्मीरमधली हाजीपीर खिंड पाकिस्तानकडून घेतली. १० जानेवारी १९६६च्या ताश्कंद करारानंतर ती सोडावी लागली.

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात तर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसतात. जानेवारी १७७९मध्ये वडगावला मुंबईकर इंग्रजांची फौज कोंडली गेली आणि १७७३पासून बळकावलेला मुलूख, मुंबईलगतच्या साष्टी बेटासकट, परत करण्याचे त्यांना लिहून द्यावे लागले. हा मराठ्यांचा विजय, बिनशर्त. पण कलकत्त्याच्या वरिष्ठ इंग्रज सरकारने तो करार धुडकावला आणि युद्ध चालूच राहिले. ते संपले १७ मे १७८२च्या सालबाईच्या तहाने. त्यात वसई परत आली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. ज्याच्यासाठी भांडण पेटले त्या राघोबादादांचा पक्ष इंग्रजांनी सोडला, म्हणून याला हार म्हणवत नाही. साष्टी गेली, म्हणून जीतही म्हणवत नाही. अशा ठिकाणी ‘तह झाला’ हेच नेमके.

जुन्या पत्रांत किल्ला ‘फत्ते’ होतो आणि दोन पक्षांत ‘सलूख’, म्हणजे तह, होतो. या दोन शब्दांची अदलाबदल तिथे होत नाही.

बातमी लिहिताना गोंधळ होतो तो मुख्यतः ‘शस्त्रसंधी’पाशी. शस्त्रसंधीने लढाई थांबते, युद्ध कायद्याने मिटतेच असे नाही. ११ नोव्हेंबर १९१८ला जर्मनीशी झाली ती शस्त्रसंधी. व्हर्सायचा तह झाला २८ जून १९१९ला. कोरियात २७ जुलै १९५३ला शस्त्रसंधी झाली, शांतता करार आजवर झालेला नाही. म्हणून ‘१९५३मध्ये कोरियातली लढाई थांबली’ असे लिहावे.

‘शरणागती’ असेल तर मात्र ‘विजय’ लिहायला हात आखडू नये. १६ डिसेंबर १९७१ला ढाक्यात पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी शरणागतीच्या कागदावर सही केली. ‘कोणावर?’ याचे उत्तर त्या कागदावरच आहे.